सभेत बोलणे आणि सभेला पटवणे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भाषणकलेविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव मांडला. कंत्राटदारांची दरपत्रके माझ्याजवळ होती, आधीचे काम किती निकृष्ट झाले याची छायाचित्रेही होती. जवळजवळ अर्धा तास मी मुद्देसूद बोललो. त्यानंतर एक सभासद उठले, "सणासुदीच्या तोंडावर हा बोजा कशाला?" एवढेच म्हणाले आणि ठराव बारगळला. सगळी माहिती माझ्याकडे असताना माझे म्हणणे का पटले नाही? (एक सभासद, डोंबिवली)

उत्तर : आपण पत्रासोबत भाषणाचे टिपण पाठवलेत हे बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. टिपणाचा निम्म्याहून अधिक भाग आधीच्या समितीने कंत्राट कोणाला दिले, हमीपत्र का घेतले नाही आणि गळतीकडे किती काळ डोळेझाक केली यावर खर्च झाला आहे. सभेला मात्र आता पैसे काढायचे की नाही, एवढेच ठरवायचे होते.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने वक्तृत्वशास्त्राची जी मांडणी केली, तिच्यात भाषणांचे तीन प्रकार आहेत आणि ते त्याने श्रोत्यावरून पाडले आहेत. न्यायालयातला श्रोता घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा करतो आणि न्याय कोणता, अन्याय कोणता हे पाहतो. सभेतला श्रोता पुढे काय करायचे ते ठरवतो आणि आपले हित कशात आहे ते पाहतो. समारंभातल्या श्रोत्याला काहीच ठरवायचे नसते. तो कोणाचा तरी गौरव ऐकतो आणि ऐकता ऐकता वक्त्याचे कसब जोखतो. आपण सभेतल्या श्रोत्यांपुढे न्यायालयातले भाषण केलेत. त्या दुसऱ्या सभासदांचे एकच वाक्य होते, पण ते येणाऱ्या महिन्याविषयी होते.

या फरकाचे माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण इ. स. पू. ४२७ मधले आहे. लेस्बॉस बेटावरचे मितिलीनी हे नगर अथेन्सच्या आघाडीतून फुटले होते आणि वेढा पडल्यावर शरण आले होते. संतापलेल्या अथेन्सच्या जनसभेने तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम करावे असे ठरवले आणि तो हुकूम देऊन एक जहाज रवानाही केले. दुसऱ्या दिवशी लोकांचे मन त्यांना खाऊ लागले आणि सभा पुन्हा भरली. थ्युसिडिडीस या इतिहासकाराने त्या सभेतली दोन भाषणे दिली आहेत. आपण दिलेली भाषणे शब्दशः नाहीत, प्रसंगाला जे बोलणे उचित होते ते आपल्या शब्दांत मांडले आहे, हे त्याने ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. अथेन्सचा पुढारी क्लीऑन याचे म्हणणे असे की, त्यांनी गुन्हा केला आहे, शिक्षा झालीच पाहिजे आणि दया दाखवणाऱ्यांना साम्राज्य राखता येत नाही. त्याला उत्तर द्यायला डायोडोटस उठला. तो आता दयेची याचना करील असे कोणालाही वाटले असते, पण त्याने ती केली नाही आणि क्लीऑनने केलेला आरोपही खोडून काढला नाही. ते कितीही दोषी असोत, आपण येथे त्यांच्यावर खटला चालवायला बसलेलो नाही, आपल्या हिताचे काय ते ठरवायला बसलो आहोत, असे त्याने आरंभीच बजावले. मग तो हिशेबाला लागला. शरण जाऊनही मरणच पदरी पडणार असेल, तर यापुढे बंड करणारे प्रत्येक नगर अखेरपर्यंत झुंजेल. वेढ्याचा खर्च आपल्या माथी बसेल आणि हाती येईल ते उद्ध्वस्त नगर, ज्याच्याकडून पुढे खंडणीही मिळणार नाही. शिवाय सगळ्या नगरांतली सामान्य जनता आज आपल्या बाजूची आहे. तिलाही सरसकट मारले तर उद्या ती तिथल्या धनिकांना जाऊन मिळेल.

हात वर करून मतदान झाले, मते जवळजवळ समसमान पडली आणि डायोडोटसची बाजू निसटती जिंकली. दुसरे जहाज निघाले तेव्हा पहिले सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होते. दुसऱ्या जहाजावरचे वल्हेकरी तेलात आणि मद्यात कालवलेले जवाचे पीठ वल्ही मारता मारताच खात होते आणि आळीपाळीने झोपत होते. सेनापतीने पहिला हुकूम वाचला होता आणि तो अमलात आणायच्या बेतात असतानाच ते पोहोचले. (बंडाचे म्होरके म्हणून अथेन्सला पाठवलेल्या हजाराहून अधिक लोकांना मात्र क्लीऑनच्याच ठरावावरून मारण्यात आले, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.)

आता आपल्या गच्चीकडे येऊ. आधीची समिती दोषी असेलही, परंतु तिच्यातले लोक, त्यांचे शेजारी आणि त्यांना निवडून देणारे सभासद समोरच्याच खुर्च्यांवर बसलेले होते, आणि त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यावर त्यांच्याकडूनच मत मागण्याची पाळी आपल्यावर आली. त्याच दरपत्रकांवरून भाषण वेगळे उभे राहिले असते. पुढच्या पावसाळ्याआधी काम झाले नाही तर ओल कोणकोणत्या मजल्यांवर उतरेल, आज प्रत्येक सदनिकेला किती भरावे लागतील आणि सळया गंजू लागल्यावर तोच आकडा कुठवर जाईल, आणि तळमजल्यावरच्या सभासदाचा गच्चीशी संबंध काय, याची उत्तरे आधी द्यायला हवी होती. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मते तिथेच कमी पडतात. सणाचा मुद्दा कोणीतरी काढणार हेही उघड होते. वर्गणी हप्त्यांनी घेण्याची तरतूद ठरावातच असती, तर त्या सभासदांना उठण्याचे कारणच उरले नसते. जबाबदारी निश्चित करायची असेल तर तो विषय पुढच्या विषयपत्रिकेवर स्वतंत्रपणे घ्यावा.

प्रश्न : आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धांसाठी मी मुलांची तयारी करून घेते. भाषण मी लिहून देते, मुले ते हावभावांसह पाठ करतात, मधे सुविचार आणि चारोळ्या पेरतात आणि बक्षिसेही आणतात. हीच मुले वर्गात मात्र स्वतःचे म्हणणे दोन वाक्यांत मांडू शकत नाहीत. (माध्यमिक शिक्षिका, सांगली जिल्हा)

उत्तर : रोमन परंपरेत वक्त्याच्या कामाचे पाच भाग मानले जात : काय बोलायचे ते शोधणे, त्याची मांडणी, भाषा, स्मरण आणि सादरीकरण. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत पहिले तीन भाग शिक्षिका करतात आणि शेवटचे दोन विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. बक्षीस मिळते ते या शेवटच्या दोहोंसाठी, आणि वर्गात दोन वाक्ये बोलायला लागतो तो पहिला, म्हणजे शोधण्याचा भाग. तो त्या मुलाने कधी केलेलाच नसतो. म्हणून मी पाठांतराला दोष देणार नाही. स्मरण हाही त्या पाचांपैकीच एक भाग आहे आणि त्या लोकांनी त्यासाठी युक्त्याही शोधल्या होत्या : ओळखीच्या घरातल्या दालनांत एकेक मुद्दा मनाने ठेवून द्यायचा आणि बोलताना त्याच क्रमाने त्या घरातून फिरायचे.

रोमन शाळांतला एक पाठ आपल्याला उपयोगी पडेल. विद्यार्थ्यापुढे इतिहासातली किंवा पुराणकथेतली एखादी व्यक्ती निर्णयाच्या क्षणी उभी केली जाई आणि त्याने तिला सल्ला द्यायचा असे. अलेक्झांडरने पुढे महासागरात जहाजे घालावीत का, रोमन वक्ता सिसेरो याने जीव वाचवण्यासाठी आपला शत्रू अँटनी याची क्षमा मागावी का, असे विषय थोरला सेनेका या रोमन लेखकाच्या संग्रहात आजही वाचायला मिळतात. अशा विषयात नुसता गौरव करून भागत नाही. समोरच्याने काय करावे आणि का करावे, हे सांगावेच लागते. आपल्या मुलांना 'वृक्ष आपले मित्र' देण्याऐवजी शाळेच्या मैदानाचा एक कोपरा सायकलींसाठी राखून ठेवावा की खेळायला मोकळा ठेवावा, हा प्रश्न द्यावा, मुख्याध्यापकांना पटवायचे आहे असे सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला उलट बाजूने बोलायला लावावे. लिहून काहीही देऊ नये. पहिली काही भाषणे रटाळ होतील, ती निमूटपणे ऐकून घ्यावीत.

सुविचारांविषयी अॅरिस्टॉटलचे मत कडक आहे. त्याच्या मते सुभाषितवजा वाक्ये वयस्क माणसाला शोभतात, आणि तीही त्याला अनुभव असलेल्या विषयात. तरुणाने ती वापरणे अशोभनीय होय. आपल्या स्पर्धांच्या परीक्षकांना हे कोणी सांगितलेले दिसत नाही.

प्रश्न : कार्यालयात अहवाल मांडताना किंवा चार लोकांपुढे बोलताना माझे हात कापतात आणि मधेच सगळे आठवेनासे होते. यावर उपाय आहे का? (एक अभियंता, पुणे)

उत्तर : इ. स. पू. ३४६ मध्ये अथेन्सचे शिष्टमंडळ मॅसिडोनियाच्या फिलिप राजाकडे गेले, तेव्हा अथेन्सचा नामवंत वक्ता डेमॉस्थेनिस प्रस्तावनेची काही वाक्ये अडखळत बोलला आणि मग त्याची वाचाच बसली. राजानेच त्याला धीर दिला, सावकाश आठवा आणि पुन्हा सुरू करा, असे सांगितले. ही हकीकत सांगणारा एस्किनिस त्याचा हाडवैरी होता, तेव्हा तिच्यात तिखटमीठ असणारच, पण डेमॉस्थेनिस ऐनवेळी उठून बोलायला नाखूश असे हे त्याचा चरित्रकार प्लूटार्कही लिहितो. त्याची टर उडवणारे म्हणत की याच्या युक्तिवादांना दिव्याच्या वातीचा वास येतो, म्हणजे हा रात्र रात्र जागून भाषणे रचतो. उच्चार सुधारण्यासाठी त्याने तोंडात खडे धरून बोलण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मला त्यापेक्षा हे रात्रीचे जागरण अनुकरणीय वाटते. पहिली तीन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य अक्षरशः पाठ करावे, मधल्या भागाचे फक्त मुद्दे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहावेत, आणि तो कागद हातात न धरता टेबलावर ठेवावा, म्हणजे थरथर दिसत नाही. आठवेनासे झाले तर गप्प राहावे. आपल्याला ती शांतता फार लांबल्यासारखी वाटते, श्रोत्यांना ती विचारपूर्वक घेतलेली वाटते.

प्रश्न : वक्तृत्वशास्त्र शिकवणे म्हणजे लोकांना गुंडाळायला शिकवणेच नव्हे का? (निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर)

उत्तर : ही शंका प्लेटोइतकी जुनी आहे. वैद्य आणि आचारी यांच्यात कोणाला अन्नातले अधिक कळते याचा निवाडा लहान मुलांकडे दिला, तर वैद्य उपाशी मरेल, असे त्याने सॉक्रेटिसच्या तोंडी घातले आहे; वक्त्याला त्याने त्या आचाऱ्याच्या पंक्तीला बसवले. त्याच्याच शिष्याने, अॅरिस्टॉटलने, दिलेले उत्तर असे की, सद्गुण सोडला तर बळ, आरोग्य, संपत्ती, सेनापत्य अशा सर्वच चांगल्या गोष्टींचा दुरुपयोग होऊ शकतो, आणि दुसरा अन्यायाने युक्तिवाद करीत असेल तर तो खोडून काढण्यापुरती तरी ही विद्या अंगी असली पाहिजे. मला हे उत्तर पटते, परंतु ते पुरेसे वाटत नाही. वर ज्याचे कौतुक केले त्या डायोडोटसनेच त्याच भाषणात म्हटले आहे की, सभेची अवस्था अशी झाली आहे की चांगला सल्ला देणाऱ्यालाही विश्वास संपादण्यासाठी खोटे बोलावे लागते. हजारो जीव वाचवणाऱ्या भाषणात हे वाक्य आहे, आणि ते वाचून मी दर वेळी थबकतो.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन शास्त्राने, येथे जो भेद केला आहे तो मला अधिक कामाचा वाटतो. सत्य काय ते ठरवण्यासाठी चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, शब्दच्छलाचाही आधार घेऊन चालतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडत राहणे ती वितंडा. आपण कुठे उभे आहोत हे यावरून प्रत्येकाला स्वतःपुरते ओळखता येते.

ऐकणाऱ्याने सावध कुठे राहायचे, तेही सांगतो. भाषणातला युक्तिवाद क्वचितच पुरा मांडलेला असतो. त्यातला एक दुवा वक्ता श्रोत्यावर सोडून देतो. अॅरिस्टॉटलचे उदाहरण असे आहे की, डोरिअसने मुकुट मिळवला हे दाखवायचे असेल तर तो ऑलिंपियात जिंकला एवढेच सांगावे. ऑलिंपियातल्या विजेत्याला मुकुट मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. श्रोत्याने दुवा स्वतः भरला की निष्कर्ष त्याला आपलाच वाटतो, आणि पटवण्याची बरीचशी शक्ती यातच असते. लबाडीही इथूनच आत शिरते. "तो उमेदवार बाहेरचा आहे, त्याला इथले प्रश्न काय कळणार?" या वाक्यातला गाळलेला दुवा मोठ्याने उच्चारून पाहा : बाहेरून आलेल्या कोणालाही इथले प्रश्न कळत नाहीत. असे सरळ विधान भर सभेत करायला तोच वक्ता धजावणार नाही. भाषण ऐकताना अशा गाळलेल्या जागा मनात भरून पाहायची सवय लावली, तर आपल्याला कोणी सहसा गुंडाळू शकणार नाही.

प्रश्न : वक्तृत्व म्हणजे खणखणीत आवाज आणि टाळ्या, असेच आम्ही ऐकत आलो. आपले म्हणणे न मानणाऱ्या सभागृहाला वक्त्याने आपल्याकडे वळवल्याचे आपल्या इतिहासातले एखादे उदाहरण सांगाल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत केलेले भाषण आपण काढून वाचावे. जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबरला उद्दिष्टांचा ठराव, म्हणजे होऊ घातलेल्या संविधानाची ध्येये सांगणारा ठराव, मांडला होता. मुस्लिम लीग सभेत आलेली नव्हती. लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती मुकुंदराव जयकरांनी सुचवली आणि ती बहुसंख्य सदस्यांना रुचली नव्हती. आंबेडकर त्या वेळी बंगालमधून निवडून आलेले होते, काँग्रेसचे कडवे टीकाकार म्हणून ओळखले जात होते, आणि त्यांना त्याच दुरुस्तीच्या बाजूने बोलायचे होते. अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांचे नाव अनपेक्षितपणे पुकारले. आपल्याआधी वीस-बावीस वक्ते आहेत अशा समजुतीने आपण तयारी करून आलेलो नाही, असे त्यांनी आरंभीच सांगितले.

पुढचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. आधी त्यांनी ठरावाचे दोन भाग केले, एक वादाचा आणि एक बिनवादाचा, आणि बिनवादाच्या भागावर टीका केली ती अशी की, समाजवादी म्हणून ख्याती असलेल्या नेहरूंकडून आपली याहून अधिक अपेक्षा होती. म्हणजे ठराव फार पुढे जातो ही त्यांची तक्रार नव्हती. त्यानंतर आज आपण राजकीय, सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या दुभंगलेले आहोत, परस्परांशी लढणाऱ्या छावण्या आहोत, आणि अशा एका छावणीचा बहुधा मीही एक पुढारी आहे, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. त्यांच्याविषयी सभागृहाच्या मनात जे होते ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. आणि लगेच पुढे, वेळ आणि परिस्थिती मिळाली तर हा देश एक होण्याला जगातली कोणतीही गोष्ट आड येऊ शकणार नाही, असा विश्वास व्यक्त केला. त्यावर सभागृहात टाळ्या झाल्या. बळकट केंद्रसत्ता आपल्यालाही हवी आहे, हेही त्यांनी सांगून टाकले.

एवढे झाल्यावर ते दुरुस्तीकडे वळले. वक्त्यावर विश्वास बसायला शहाणपण, सचोटी आणि श्रोत्यांविषयीची सदिच्छा या तीन गोष्टी लागतात आणि तो विश्वास भाषणातूनच निर्माण झाला पाहिजे, आधीच्या ख्यातीवर विसंबून नव्हे, असे अॅरिस्टॉटल म्हणतो. येथे तो विश्वास निर्माण होताना दिसतो. ठराव आत्ताच मंजूर करण्याचा अधिकार सभेला आहे की नाही या कायद्याच्या प्रश्नात आंबेडकर शिरले नाहीत. अधिकार आहे असे धरून चाला, पण तसे करणे शहाणपणाचे आहे का, एवढेच त्यांनी विचारले, आणि अमेरिकन वसाहतींशी समेट करावा म्हणून ब्रिटिश संसदेत झालेल्या एडमंड बर्कच्या भाषणातला उतारा वाचून दाखवला. डायोडोटसने जो सांधा बदलला होता तोच हा : दोष कोणाचा आणि हक्क कोणाचा हे बाजूला ठेवून, यातून पुढे काय होईल तेवढे पाहा. भयभीत करणारे शब्द बाजूला ठेवा, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी जागा द्या, त्यांना बरोबर घ्या, हे त्यांचे सांगणे होते आणि त्यांनी त्या सभागृहाला तसेच वागवले होते.

ठराव त्यानंतर जानेवारीपर्यंत पुढे गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. तो एका भाषणाने पुढे ढकलला गेला असे म्हणणे धाडसाचे होईल, आणि ज्यांची वाट पाहायची होती ती लीग पुढेही आली नाही. परंतु विरोधी मताच्या श्रोत्यांनी वक्त्याला उचलून धरल्याच्या खुणा सभेच्या छापील वृत्तांतात त्या टाळ्यांच्या नोंदींच्या रूपाने जागोजागी आहेत. त्या नेमक्या कोणत्या वाक्यांनंतर येतात ते पेन्सिलीने खूण करून पाहावे.

प्रश्न : भाषणाच्या सुरुवातीला व्यासपीठावरील सर्व मान्यवरांची नावे घ्यावीत का? (सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : भाषण कशासाठी आहे हे स्पष्ट करणे हे प्रस्तावनेचे मुख्य काम, आणि विषय छोटा व सर्वांना ठाऊक असेल तर प्रस्तावनेची गरजच नाही, असे शास्त्र सांगते. आपल्याकडे शास्त्रापेक्षा मानपान मोठा असतो, हे मी जाणतो. अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांची नावे घ्यावीत, बाकीच्यांना 'व्यासपीठावरील मान्यवर' या शब्दांत सामावून घ्यावे आणि लगेच विषयाला हात घालावा. सूत्रसंचालकाने सर्वांची नावे आधीच एकदा घेतलेली असतात. जी दोन नावे घ्यायची ती मात्र कार्यक्रमाआधी आद्याक्षरे आणि पदनामासह त्याच्याकडून तपासून घ्यावीत.